चैन कुणाची, गरज कुणाची?

'चैन' हा शब्द आपल्याकडे दुसऱ्याच्या वस्तूसाठी राखून ठेवलेला आहे. स्वतःच्या दारात उभी असते ती 'गरज'! प्रवरेकाठच्या आमच्या कोल्हारात हा शब्दकोश फार कसोशीने पाळला जातो. ऊस गेला, पैसे आले, की कुणाच्या तरी दारात पुरुषभर उंचीची, पांढरीशुभ्र, कोरी करकरीत मोटार येऊन उभी राहते. पुढे सात वर्षे हप्ते. पण ती गरज. शेतावर जायला लागते, सोयरिकीला लागते. याउलट गेल्या वर्षी मी, एका शाळामास्तराने, १९९६ साली पुण्याकडे बनलेली जुनी मर्सिडीज रोख पैसे मोजून घेतली आणि ती मात्र चैन ठरली. "गुरुजी, टिपरूभर ऊस नाही अन् मर्सिडीज?" असे एका बागायतदार गृहस्थांनी मला भर चौकात विचारले.

पैसे कुठून आले याचीही चौकशी झाली. वीस वर्षांची बचत, पतसंस्थेतली ठेव आणि कादंबऱ्यांचे मानधन, असे खरे उत्तर मी दिले. त्यातल्या तिसऱ्या रकमेवर कुणाचाच विश्वास बसला नाही. (संपादकांनी मनाला लावून घेऊ नये.) किंमत म्हणाल तर नव्या साध्या मोटारीच्या निम्मीही नव्हती.

आता ज्या वस्तूला गाव राजवैभव म्हणते ती वस्तू तरी काय आहे ते पाहू. जर्मनीच्या या कंपनीने १९९४ साली टेल्कोशी भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला गाड्या बांधायला घेतल्या. पहिली होती ती हीच. बांधा चौकोनी, पुढच्या काचेला पुसणी एकच. पण ती नुसती डावी-उजवीकडे न फिरता मध्येच आत-बाहेर सरकत जवळजवळ सगळी काच पुसून काढते. पावसात माझी धाकटी मुलगी रस्ता सोडून तिच्याकडेच पाहत बसते. दार लावले की धान्याच्या कोठारासारखा भरीव आवाज होतो. इथे या गाडीपुढे मंडळी पायातले जोडे काढू पाहतात. तिकडे जर्मनीत हिचीच डिझेलवरची भावंडे टॅक्सी म्हणून राबत होती!

आणि दूर जर्मनीला तरी कशाला जायचे? टेम्पो ट्रॅक्स नावाची काळी-पिवळी आठवते ना? बारा-पंधरा माणसे आत, दोघे मागे लोंबकळणारे, मांडीवर कुणाची तरी कोंबडी, अशा थाटात आम्ही श्रीरामपूर गाठत असू. त्या ट्रॅक्सच्या पोटातले डिझेल इंजिन मर्सिडीजच्याच आराखड्यावरून, परवाना घेऊन, पुण्याकडे बनलेले होते. म्हणजे सारा राहाता तालुका वर्षानुवर्षे मर्सिडीजच्या जोरावरच बाजार करीत होता. फक्त बोनेटवर तारा नव्हता. माझ्या गाडीचे इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा इथला मिस्त्री क्षणभरही बिचकला नाही. "गुरुजी, ही आपल्या ट्रॅक्सची मोठी बहीण," एवढेच म्हणाला आणि पाना घेऊन खाली शिरला.

मौज कशाला म्हणतात तेही सांगतो. रविवारी पहाटे आम्ही पाचजण निघतो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करीत नदीच्या उगमाकडे. भंडारदऱ्याला धरणाच्या भिंतीशी उभे राहून मुलांना सांगतो, की १९२६ साली हे धरण पुरे झाले, इथले पाणी खाली कालव्यांना गेले, म्हणून आपल्याकडे ऊस पिकला आणि लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. आमच्या आईने त्याआधी भंडारदरा पाहिलाच नव्हता. साठ वर्षे त्या पाण्यावर धुणी धुतली, पण ते येते कुठून हे प्रथम पाहिले ते या गाडीच्या मागच्या सीटवर बसून. ही चैन असेल तर असो. मी ती करणार.

पण खरा राग मला बागायतदारांचा नाही. ते बोलतात आणि विसरतात. राग आहे तो कागदावरच्या हिशोबाचा. २०१० सालच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी सुमारे दीडशे नव्या मर्सिडीज विकल्या गेल्या; किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. पैकी चाळीस कोटींहून अधिक रक्कम सरकारी मालकीच्या बँकेने सात टक्के व्याजाने कर्जाऊ दिली होती. त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्याला बारा टक्क्यांच्यावर व्याज पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे. घेणाऱ्यांना मी दोष देत नाही; आपल्या शहराचे नाव व्हावे ही त्यांची हौस होती आणि हौसेला माझा विरोध असायचे कारणच नाही. पण नव्या हौसेला सात टक्क्यांची सवलत आणि जुनी वस्तू जपणाऱ्याला काय?

त्याला दंड! पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी सहाशे रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार. २०२५ च्या ऑगस्टात आणखी सुधारणा झाली आणि विशी ओलांडलेल्या गाडीला दहा हजार. म्हणजे वस्तू जितकी टिकवाल तितकी अधिक शिक्षा. जुने धोतर दुहेरी शिवून वापरणाऱ्या आजोबांवर कुणी कर बसवला नव्हता.

'धुराचे काय?' असे कुणी विचारील, आणि तो प्रश्न खोटा नाही. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर ओकते. शहराच्या गर्दीत तर ते त्रासाचेच. मग घ्या ना धुराची परीक्षा! सहा महिन्यांनी नव्हे, तीन महिन्यांनी घ्या, कडक घ्या आणि नापास झाली तर खुशाल घरी बसवा. पण मी मास्तर आहे. मुलगा वयाने मोठा आहे म्हणून त्याच्याकडून दुप्पट फी घेतलेली मी पाहिलेली नाही. परीक्षा उत्तरपत्रिकेची असते, जन्मतारखेची नव्हे. शिवाय चालती गाडी मोडीत घालून तिच्या जागी नवी घडवायला जे लोखंड वितळवावे लागते, त्या भट्टीचा धूर या हिशोबात कुठे मांडला आहे?

या साऱ्यावर कळस म्हणजे २०२१ चा नियम. पन्नास वर्षांची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची झाली तर वीस हजार रुपये भरायचे आणि मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही! प्रदर्शन, रॅली, फार तर इंधन भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची मुभा. माझी गाडी २०४६ साली पन्नाशी गाठील. मी तोवर निवृत्त झालेलो असेन, हाताशी वेळ असेल, नातवंडे मागच्या सीटवर बसण्याच्या वयाची असतील. आणि नेमके तेव्हाच मला सांगण्यात येणार, की गुरुजी, आता हिला मिरवणुकीत काढा, भंडारदऱ्याला नेऊ नका!