आधुनिक साहित्य कुणाचे देणे?

मराठीत आधुनिक साहित्य आले ते इंग्रजी राज्यामुळे, हे विधान आपल्याकडे शाळेपासून विद्यापीठापर्यंत निमूटपणे पाठ केले जाते. त्यासाठी जो पुरावा देतात तो खोटा नाही. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ छापून येऊ लागली आणि त्याच सुमारास केशवसुत कविता लिहू लागले. या सर्वांचे इंग्रजी वाचन होते, आणि केशवसुतांनी तर चौदा ओळींचे सुनीत इंग्रजीवरूनच मराठीत आणले. इथपर्यंत वाद नाही. गफलत पुढे होते. राज्य इंग्रजांचे होते आणि त्या काळात साहित्य नवे झाले, म्हणून राज्यानेच ते नवे केले, असा निष्कर्ष काढला जातो. दोन गोष्टी बरोबरीने घडल्या एवढ्यावरून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. याची परीक्षा घ्यायची तर असा देश पाहिला पाहिजे, जिथे इंग्रजी पुस्तके पोहोचली पण इंग्रजी राज्य पोहोचले नाही.

जपान तसा देश आहे. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर तिथे शाळा, छापखाने, वर्तमानपत्रे झपाट्याने वाढली. पण राज्य जपान्यांचेच राहिले. ज्या १८८५ मध्ये आपल्याकडे ‘मधली स्थिती’ येत होती, त्याच वर्षी त्सुबोउची शोयो यांचा ‘शोसेत्सु शिन्झुई’ हा कादंबरीचे मर्म सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. बाकिनसारख्या जुन्या कथाकारांच्या नीतिबोध करणाऱ्या कथा मागे टाका आणि माणसाच्या मनाचा ठाव घ्या, हे त्यांचे सांगणे. दोनच वर्षांनी फुताबातेई शिमेई यांच्या ‘उकिगुमो’चा पहिला भाग आला. सरकारी नोकरी गेलेला, कशाचाच निर्णय न करू शकणारा एक तरुण कारकून तिचा नायक आहे. फुताबातेई रशियन शिकलेले होते, तुर्गेन्येवचे भाषांतर करणारे होते. नमुन्यांची त्यांना वाण नव्हती. त्यांची अडचण भाषेची होती. ग्रंथांची जपानी एक आणि लोकांच्या तोंडची दुसरी, अशी स्थिती असताना या कारकुनाला बोलते कसे करायचे? त्सुबोउचींनी त्यांना सल्ला दिला तो सान्युतेई एन्चो याच्या कथनाकडे वळण्याचा. एन्चो हा रंगमंचावर बसून गोष्टी सांगणारा कलावंत. त्याची एक भूतकथा १८८४ मध्ये लघुलेखकांनी ऐकता ऐकता टिपून छापली होती. म्हणजे कादंबरीची कल्पना बाहेरून आली, पण तिला वाचा दिली ती घरच्या कथेकऱ्याने. ही गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते.

यावर कुणी म्हणेल की जपान्यांनीही अनुकरणच केले, फक्त आपखुशीने केले. अनुकरण झाले, हे खरेच. १८८२ मध्ये नव्या धर्तीच्या कवितांचा जो संग्रह तिथे निघाला, त्यात बरीचशी इंग्रजी कवितांची भाषांतरे होती. पण जपानी कविता तेवढ्याने पालटली नाही. हायकूला नवा जन्म देणारे मासाओका शिकी पाश्चात्त्य चित्रकलेतून डोळ्यांपुढचे रेखाटायला शिकले आणि तेवढ्याच आवडीने शंभर वर्षांपूर्वीच्या बुसोन या कवीकडे परत गेले. शिकी १८६७ चे, केशवसुत १८६६ चे. दोघेही चाळिशीच्या आत गेले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले हे दोन कवी एकाच कामाला लागले होते, आणि त्यांतल्या एकाच्याच डोक्यावर परके राज्य होते.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. कारण पुण्या-मुंबईच्या कॉलेजांनी आधुनिकता घडवली आणि बाकीच्यांना ती उशिरा मिळाली, हा त्याच समजुतीचा दुसरा भाग आहे. ‘उकिगुमो’ आली त्याच १८८७ साली जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. ते केवळ कवितेला वाहिलेले मासिक होते, आणि पुढे केशवसुतांच्या कविताही त्यात छापल्या गेल्या. केशवसुतांची काही वर्षे शिक्षक म्हणून फैजपूरला गेली. १९०७ मध्ये कविसंमेलन भरले तेही जळगावलाच. धरणगावात जन्मलेल्या, अजून पोरवयातल्या त्र्यंबक ठोमऱ्यांना डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटले ते तिथेच. १९१८ मध्ये जळगाव–भुसावळ मार्गावरच्या भादली स्थानकात रेल्वेखाली बालकवी गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे चालू होते. कॉलेजची पायरी न चढलेल्या या कवीने मराठी निसर्गकवितेला जे एकाकी, उदास, स्वतःपुरते मन दिले, ते कुठल्या अभ्यासक्रमातून आले होते?

तरी बालकवींवर केशवसुतांचा संस्कार होता, असे म्हणता येईल. मग बहिणाबाईंचे काय करायचे? आसोद्याला १८८० मध्ये जन्म, जळगावच्या चौधरींकडे सासर, तिशीत वैधव्य, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या आणि मुलगा सोपानदेव व इतर आप्तांनी ते टिपून ठेवले. त्या गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आक्षेप असा येतो की हे लोकगीत आहे, ओवी आहे. याला आधुनिक कसे म्हणायचे? छंद ओवीचा आहे, पण जात्यावरची ओवी कुणा एकीची नसते. ती सगळ्या बायांची असते. बहिणाबाईंच्या गाण्यांत एक विशिष्ट बाई स्वतःच्या मनाकडे, देवाकडे, मरणाकडे स्वतःच्या बुद्धीने पाहते आणि स्वतःचे मत देते. छापखान्यावरही त्यांचे गाणे आहे: कोरा कागद छापला की शहाणा होतो, माणूस मात्र तसाच अडाणी राहतो, हा त्यातला सल. ज्या यंत्राने आधुनिकता आणली असे आपण सांगतो, त्या यंत्राचाच विचार एक निरक्षर बाई लेवा बोलीत करते. याहून आधुनिक मन कोणते?

दुसऱ्या टोकाला देशीवादी आहेत. नवे ते सारे उसने, म्हणून खोटे, असे त्यांच्यातले काही जण सांगतात. त्यांना खानदेशच उत्तर देतो. खानदेशात जन्मलेल्या मर्ढेकरांनी इंग्रजी नवकविता पचवली आणि यंत्रयुगातल्या माणसाची दैना मांडायला अभंग-ओवीचा छंद घेतला. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे देशीवादाचे आद्य आग्रही, आणि अध्यापनाने इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर १९६३ मध्ये ज्या बोलण्याच्या ढंगात स्वतःची कथा सांगू लागला, त्याने मराठी गद्याची तोवरची ऐट उतरवली. इंग्रजी वाचून त्यांचे मराठी परके झाले नाही आणि इंग्रजी न वाचून बहिणाबाई जुन्या राहिल्या नाहीत. तेव्हा साहित्य आधुनिक कधी झाले हे ठरवताना लेखकाने काय वाचले होते एवढेच विचारून चालणार नाही. एका माणसाचा बोलता आवाज लेखी भाषेत प्रथम कुठे आला, हे आधी विचारावे लागेल. तसे विचारले तर वाङ्मयेतिहासात बहिणाबाईंना लोकसाहित्याच्या प्रकरणातून काढून मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ शेजारी, आधुनिक कवितेच्या प्रकरणात बसवावे लागते. दोन्ही पुस्तके अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने निघाली आहेत.