आमण, अब्रू आणि हक्क

उतारवयात आमण बाहेर येते, मलावरचा ताबा सुटतो. आणि कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात जन्मभर राबलेली म्हातारी हे दुखणे लुगड्याआड लपविते. वास्तविक देलॉर्म या फ्रेंच शल्यविशारदाने १९०० साली सांगितलेली शस्त्रक्रिया पोट न उघडता, केवळ कमरेखालचा भाग बधिर करून करता येते. दुबळ्या देहालाही ती बहुधा सोसते. आमण पुन्हा उतरू शकते, ताबाही प्रत्येकीचा परतत नाही. म्हणून नंतरची शुश्रूषा तितकीच मोलाची. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान योजनेत वार्षिक ५ लाखांचे विमाकवच आहे. परंतु कार्ड म्हणजे उपचार नव्हे! गावच्या उपकेंद्रात विचारपूस आणि कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणी व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. श्रमिकांचे म्हातारपण ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे.