दाखवणं पुरे, पान हाती द्या

आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाचे ऑनलाइन कार्यक्रम एका साच्याचे झाले आहेत. पुण्याचे वक्ते स्क्रीन शेअर करतात, आपण म्यूट होऊन बघतो, प्रश्नांपर्यंत वेळ संपते. यंदा एक तरी उपक्रम, मोडी कागद एकत्र वाचण्याचा, सामायिक ब्राउझिंगवर करावा, आणि तोही कुंभकोणमच्या मराठी घरांना सोबत घेऊन, असं माझं म्हणणं आहे.

स्क्रीन शेअरमध्ये एकाच्या पडद्याचं चित्र बाकीच्यांना दिसतं. सामायिक ब्राउझिंगमध्ये तेच पान सगळ्यांकडे उघडतं. एकाने सरकवलं की सर्वांचं सरकतं, प्रत्येकाचा कर्सर दिसतो, कुणीही नेमक्या अक्षरावर बोट ठेवू शकतो.

कुंभकोणमच का? ते तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातलं, आणि त्यांची गादी 1855 पर्यंत टिकली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव तिथल्याच मराठी घरातले, जन्माने कुंभकोणमचे. भोसल्यांच्या राजवटीचे मोडी कागद आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मोडीत आधी रेघ ओढत, मग सलग अक्षरं लिहीत. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशा ओळीत तमिळ गावाचं नाव आलं की पुण्यात मोडी शिकलेला माणूस अडतो. नाव कुठे सुरू झालं, कुठे संपलं? 'मध्यार्जुन' लागलं, तरी ते म्हणजे कुंभकोणमजवळचं तिरुविडैमरुदूर, 1798 मध्ये गादीवरून दूर झाल्यावर तंजावरचे अमरसिंहराजे जिथे राहिले ते, हे त्याला कोण सांगणार? तिथल्या एखाद्या आजी चटकन सांगतील. त्यांना मोडी येत नसेल, पण आसपासची गावं तोंडपाठ असतात. दोघांपैकी एकट्याने ती ओळ पुरी लागत नाही.

'हे झूमवरही होईल की!' होईल, पण सूत्रं दाखवणाऱ्याकडेच राहतील आणि आजी पुन्हा श्रोत्यांत बसतील. धोका आहे तो वेगळा: चुकून बँकेचं पान किंवा ओटीपी सर्वांसमोर यायचा. म्हणून वेगळी खिडकी उघडावी, तिच्यात फक्त कागदांचे स्कॅन असावेत, तेही ग्रंथालयाची रीतसर परवानगी घेऊन. वेळही जुळते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कुंभकोणमला संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात.

व्याख्यानांनी मोडीचं कौतुक वाढलं, वाचणारे वाढले नाहीत. कार्यकारिणीने यंदाचं एक व्याख्यान कमी करून त्याचा खर्च या वाचनाला द्यावा. वर्षभरात चार पानं नीट लागली तरी ते मंडळाचं स्वतःचं काम असेल.