मोडावे कोठे, हे आधी ठरवावे

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहावे ते लसीकरणावर, फार तर मुलांच्या आहारावर, असा संकेत आहे. तो बाजूस ठेवून मी रेडिओ-नियंत्रित विजेच्या मोटारीवर लिहावयास बसलो आहे, यास कारण आहे. आपल्या इंदूरमधील माझ्या परिचयाच्या काही डॉक्टर-कुटुंबांत गेल्या काही वर्षांत मोठ्या आकाराच्या, खडकाळ जमिनीवर धावणाऱ्या अशा गाड्या आल्या आहेत. गाडी आली की पाठोपाठ प्रश्न येतो, "हिला अधिक मजबूत कशी करावी?" मी स्वतः या छंदात मुरलेला असल्याने तो माझ्याकडेही येतो. माझे स्पष्ट मत असे की हा प्रश्नच अपुरा आहे. धडक बसली तर काय मोडावे, हे आधी ठरवावे. मजबुतीचा विचार त्यानंतर.

अपरिचितांसाठी थोडा परिचय आवश्यक आहे. ट्रॅक्सास या अमेरिकन कंपनीची एक्स-मॅक्स ही गाडी 2015 साली बाजारात आली. तिची आठ सेलवर चालणारी आवृत्ती सुमारे साडेआठ किलो वजनाची आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरीचे हे आठ सेल पूर्ण भरले की 33.6 व्होल्ट देतात, आणि योग्य गिअर लावल्यास ती ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने धावू शकते असा कंपनीचा दावा आहे. शाळेतील सूत्र आठवून पाहावे. साडेआठ किलोची वस्तू या वेगाने जाते तेव्हा तिच्यात सुमारे 2100 ज्यूल गतिज ऊर्जा असते. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती 120 ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे सतरा-अठरा चेंडू एकाच वेळी! हिला खेळणे म्हणणे हा केवळ भाषेचा उदारपणा होय.

आता मजबुतीची नेहमीची कथा पाहू. गाडी दगडावर आपटते आणि पुढच्या चाकाला धरून ठेवणारा नायलॉनचा आर्म तुटतो. मालक चिडून तेथे ॲल्युमिनियमचा चकचकीत आर्म बसवतो. पुढच्या धडकेत आर्म शाबूत राहतो, मात्र त्याची पिन वाकते. पोलादी पिन घातली की तिला धरणारा बल्कहेड फुटतो. तोही धातूचा केला की ताण थेट चासीपर्यंत पोहोचतो. जो भाग चार स्क्रू काढून मैदानातच बदलता आला असता, त्याच्या जागी आता अख्खी गाडी टेबलावर उघडून बसावे लागते. आघात नाहीसा होत नाही, तो पुढच्या दारी जातो. नायलॉन वाकून परत सरळ होते. ॲल्युमिनियम वाकले की वाकलेलेच राहते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा उपचार आहे.

हे आपणा वैद्यकीय मंडळींना पटवून देण्याची गरज पडू नये. ऑस्टिओपेट्रोसिस या विकारात हाडे क्ष-किरण चित्रात संगमरवरासारखी दाट आणि भक्कम दिसतात, तरी ती सहज मोडतात. उलट, निरोगी बालकाचे हाड पुष्कळदा ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूस तडकते आणि दुसऱ्या बाजूस नुसते वाकते. त्यालाच आपण ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतो. वाढत्या मुलाच्या सांध्याजवळ अस्थिबंध बळकट आणि ग्रोथ प्लेट तुलनेने दुबळी असते, म्हणून ज्या आघाताने प्रौढाचा घोटा मुरगळेल त्याच आघाताने मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. म्हणजे एक कडी बळकट असली की भार शेजारच्या कडीवर येतो, हा नियम निसर्गालाही चुकलेला नाही.

अभियंत्यांनी हे फार पूर्वी ओळखले. बेला बारेन्यी या मर्सिडीज-बेंझच्या अभियंत्याने 1950च्या दशकाच्या आरंभी अशी रचना मांडली की मोटारीचा पुढचा-मागचा भाग चेपावा आणि प्रवाशांची मधली जागा ताठ राहावी. 1959 साली त्या तत्त्वावरची मोटार रस्त्यावर आली. आपल्या छोट्या गाडीतही तेच शहाणपण आहे. सुकाणू फिरवणाऱ्या सर्व्होच्या दात्यांना चाकाचा धक्का थेट बसू नये म्हणून मध्ये स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर असतो. एक्स-मॅक्समध्ये मोटर आणि चाके यांच्या दरम्यान झटका गिळणारा रबरी भाग योजला आहे. हे दुवे हेतुपुरस्सर नरम आहेत. ते काढून सर्वत्र धातू भरणे म्हणजे रचनाकाराचा विचार फेकून देणे.

मग काहीच बदलू नये काय? तसे मुळीच नाही. जेथे दोन भागांची सरळ रेषा कायम राहणे आवश्यक आहे, तेथे ताठपणा हवाच. मोटरचा माउंट हलला तर पिनियनचे दात शेजारच्या गिअरवर नीट बसत नाहीत आणि दोन्ही झिजतात. तेथे धातूच योग्य. चाकांकडे जाणारे शाफ्ट पोलादी करणे, धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावणे, डिफरन्शियलमध्ये घट्ट सिलिकॉन तेल भरून एकाच चाकाचे व्यर्थ फिरणे आवरणे, आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत धावून आल्यावर बेअरिंग साफ करणे, या सुधारणांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. आर्म मात्र मी नायलॉनचेच ठेवतो आणि दोन जादा आर्म पेटीत बाळगतो.

मोठा पिनियन लावून वेग वाढवण्याचा मोह सर्वांत वाईट. त्याने मोटर तापते, आणि अति उष्णतेने तिच्यातील चुंबकांची शक्ती कायमची घटते. प्रत्येक फेरीनंतर तापमान मोजावे. कोविडच्या काळात घेतलेला कपाळावरचा तापमापक यासाठी निरुपयोगी आहे. त्याची मर्यादा मानवी ज्वरापुरतीच असते. कारखान्यात वापरतात तसा इन्फ्रारेड तापमापक घ्यावा.

आता माझ्या मुख्य चिंतेकडे वळतो. आघात पुढे पुढे सरकतो, आणि गाडीतील एकही भाग मोडायला तयार नसेल, तर त्याचे शेवटचे ठिकाण समोर उभे असलेले माणूस असते. कॉलनीत ही गाडी निघाली की भोवती मुलांचा घोळका जमतो, आणि गाडीचा बंपर पाच वर्षांच्या मुलाच्या नडगीच्या उंचीवर येतो. म्हणून माझ्या मते मजबुतीचा पहिला खर्च पोलादावर नव्हे, तर आवर घालण्यावर व्हावा. संपर्क तुटताच गाडी थांबते की नाही, ही फेल-सेफची चाचणी चाके उचलून प्रत्येक वेळी करावी. नवशिक्याच्या हाती देताना अर्धी शक्ती देणारी ट्रेनिंग मोड सुरू करावी. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाईवर येते. गाडी मोकळ्या माळावरच चालवावी, मुले चालवणाऱ्याच्या मागे उभी करावीत. बॅटरी अग्निरोधक पिशवीत, जागेपणी आणि डोळ्यांसमोर चार्ज करावी. एरवी प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. तिने पेट घेतला तर ज्वाळांबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायूही बाहेर पडतात, हे डॉक्टरांच्या घरी तरी ठाऊक असावे.

"मग मुलांना ही गाडी द्यावीच कशाला?" असे काही पालक विचारतील. माझे उत्तर असे की, जाणत्या वयाच्या मुलाला ती जरूर द्यावी, पण पान्यांच्या पेटीसह आणि वडीलधाऱ्यांच्या सोबतीने. सर्व काही बंद खोक्यात मिळण्याच्या या काळात उघडता येणारी, मोडणारी आणि स्वतःच्या हातांनी जोडता येणारी वस्तू दुर्मिळ झाली आहे. तुटलेला आर्म बदलताना चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी जे शिकते, ते न मोडणाऱ्या गाडीकडून शिकता येणार नाही. आपण डॉक्टर पालक मुलांच्या वाटेतील प्रत्येक धक्का आधीच काढून टाकण्यात तरबेज असतो. निदान या एका वस्तूत तरी स्वस्तातला एक भाग मोडू द्यावा, आणि तो मुलांनाच दुरुस्त करू द्यावा.