असू दे, लागलं तर

‘असू दे, लागलं तर.’ मराठी माणसाच्या प्रवासी बॅगेचं निम्मं वजन या चार शब्दांचं असतं. रेल्वेच्या प्रवासात आईने कोंबलेली जादा सतरंजी, विमानतळावर तेवीस किलोच्या वर गेल्यामुळे उघडून काढावं लागलेलं मेतकूट, लग्नाला जाताना घेतलेली आणि न नेसता परत आणलेली तिसरी साडी. या सगळ्याशी माझं काही भांडण नाही. ते वजन ज्याचं तो वाहतो, किंवा चाकं वाहतात. माझं भांडण एका निळ्या प्लॅस्टिकच्या पेटीशी आहे. तीन मजली, उघडली की पायऱ्यांसारखी पसरणारी, प्रत्येक कप्प्यात चमचमणाऱ्या नकली माशांनी भरलेली. दरवर्षी जुलैत आम्ही सहाजण दोन-तीन कनू घेऊन ॲल्गॉनक्विनच्या रानात चार-पाच रात्री जातो, आणि दरवर्षी ही पेटी बरोबर येते. ‘असू दे’ म्हणून.

लगेच एक खुलासा करते. आता मी कोकणातल्या आजोबांची गोष्ट सांगेन, ते एका गळावर आणि एका दोरीवर कसे मासे काढायचे वगैरे, असं कुणाला वाटलं असेल तर तसं नाही. माझं माहेर सोलापूरचं. मासा गळाला लागतो हे मी लहानपणी फक्त चित्रात पाहिलं. गरवायला मी इथे, कॅनडात, चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि शिकवलं तेही त्या पेटीच्या मालकांनीच. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. तेव्हा हे लिहिताना थोडी कृतघ्नता होते आहे याची मला जाणीव आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: टोरांटोहून उत्तरेला तीनेक तास गाडी चालवली की ॲल्गॉनक्विन लागतं. 1893 साली राखून ठेवलेलं हे उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठं आहे आणि त्यात तळी दोन हजारांच्या वर. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये रान. तिथे नाव पाण्यातून काढायची, उलटी करून एकाने खांद्यांवर घ्यायची, बाकीच्यांनी सामान उचलायचं आणि पायवाटेने पलीकडच्या पाण्यापर्यंत चालायचं. याला पोर्टाज म्हणतात. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. कनू लेकहून जो लेकला जाताना तीनशे मीटरही नाही, आत गेलं की दीड-दोन हजारांच्या पाट्याही भेटतात.

आता हिशोब. हजार मीटरची वाट आहे आणि सगळं सामान एका खेपेत गेलं, तर तुम्ही एक किलोमीटर चाललात. एक खेप वाढली की तीन किलोमीटर, कारण रिकाम्या हाताने परतही यावं लागतं. दोन खेपा वाढल्या की पाच. म्हणून ‘पेटीचं वजन असं कितीसं असतं, चार किलो’ हे उत्तर मला मान्य नाही. चार किलो पाठीवरच्या पिशवीत कळतही नाहीत. पण ही पेटी पिशवीत मावत नाही. तिला मूठ आहे, म्हणजे तिला एक मोकळा हात लागतो. चिखलातून, मुळांवरून, डास चावत असताना मोकळा हात ही पोर्टाजवरची सगळ्यात महाग वस्तू आहे. आणि पेटीचा मालक तर नाव डोक्यावर घेऊन केव्हाच पुढे गेलेला असतो! नाव उचलणं दिसतं, त्याचं कौतुक होतं, फोटोही निघतो. मागे उरलेली पेटी, दोन बांधलेले रॉड आणि जाळं कुणीतरी उचलतं. आमच्या गटात ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा बाई असते, नाहीतर सगळ्यात लहान असेल ते.

तीन वर्षांपूर्वी सगळ्यात लहान माझी भाची होती. बहिणीची मुलगी, शिकायला इथे आलेली, पहिल्यांदाच रानात. आणि त्या वेळी रॉड दादांचे नव्हते, माझे होते. पलीकडच्या तळ्यावर पोचल्याबरोबर टाकता यावा म्हणून मी एक रॉड न सोडता, ल्यूर लावलेला तसाच ठेवला होता. हातभर लांबीच्या माशालाही पुरून उरेल असा तो लाकडी मासा, पोटाखाली दोन ट्रेबल, म्हणजे तीन-तीन तोंडांचे गळ. तिने नावेतून सामान काढताना रॉड ओढला, त्याचं टोक झुडपात अडकलं, वाकलं, सुटलं आणि गळ तिच्या अंगठ्याच्या बुडाशी गेला. बार्बसकट, म्हणजे टोकामागच्या उलट्या काट्यासकट. बार्ब माशाने सुटू नये म्हणून असतो. माणसाच्या हातातही तो तेच काम करतो.

एकेरी गळ असेल तर तो काढायची एक रीत आहे. गळाच्या वाकणात दोरीचा फास घालायचा, दांडीचं वरचं टोक बोटाने कातडीवर दाबून धरायचं, म्हणजे बार्ब मोकळा होतो, आणि दोरीला एकच जोराचा हिसका द्यायचा. ट्रेबलला हे करायचं तर आधी उरलेली दोन तोंडं छाटावी लागतात, नाहीतर हिशक्यात तीही रुततात. छाटायला तार तोडायची पक्कड लागते. त्या दिवशी आमच्याजवळ दादांची पेटी आणि माझी छोटी पेटी धरून दोनशेच्या आसपास वस्तू असतील. रंगीत रबरी बेडूक होते. अंधारात चमकणारे मणी होते. पाईकसाठीचे स्टीलचे लीडर होते, त्या तळ्यांत पाईक नसताना. पक्कड माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर होती.

गळ तसाच ठेवून, हात फडक्याने बांधून आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेर निघालो. दीड दिवसाचा रस्ता. ती मधल्या जागेवर बसून होती आणि ‘मावशी, दुखत नाही गं’ असं अधूनमधून म्हणत होती. इस्पितळात पाच मिनिटांचं काम निघालं. हात बरा झाला, साधा व्रणही नीट दिसत नाही. ती पुन्हा आमच्याबरोबर आली नाही. तिने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यावर दादांचं म्हणणं असं की पक्कड विसरली हा विसराळूपणा, त्याचा पेटीशी काय संबंध? संबंध आहे. दोनशे वस्तू भरणारा माणूस यादी करत नाही, तो फक्त भरतो. वस्तू आठच असत्या तर नववी नाही हे घरीच दिसलं असतं. भरलेली पेटी तयारीचा भास निर्माण करते आणि त्या भासामुळे तयारी होत नाही. उलटं कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

निवड करायची म्हणजे आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठलं तळं आणि कुठला महिना. मे महिन्यात बर्फ वितळल्यानंतर लगेच गेलात तर ट्राउट वरच्या गार पाण्यात, काठाजवळही मिळतो. तेव्हा हलका स्पून पुरतो. जुलैत तोच लेक ट्राउट दहा अंशांच्या आसपासचं पाणी शोधत दहा-पंधरा मीटर किंवा त्याहून खाली जातो. त्याच्यापर्यंत पोचायला जड स्पून हवा. पोटाखाली दोन ट्रेबल लावून पृष्ठभागावर वळवळणारा लाकडी मासा हवा नाही. ब्रूक ट्राउट उन्हाळ्यात झऱ्यांच्या तोंडाशी दडतो आणि माझ्या अनुभवात फारसा कुणाला दाद देत नाही. स्मॉलमाउथ बास मात्र खडकांजवळ असतो, भुकेला असतो आणि जवळजवळ कशालाही धावतो. (तोही इथला मूळचा नव्हे. विसावं शतक उजाडण्याच्या सुमारास माणसांनीच आणून सोडलेला आहे.) म्हणजे जुलैसाठी दोन जड स्पून, दोन फिरकीवाले स्पिनर, चार जिग आणि थोडे साधे गळ. सगळ्यांवरचे ट्रेबल काढून एकेरी गळ लावलेले, बार्ब पक्कडीने दाबून सपाट केलेले. चार तुकड्यांत सुटणारा एक रॉड, एक रीळ. आणि पक्कड. हे सगळं, रॉड सोडून, पेढ्यांच्या पाव किलोच्या खोक्यात मावतं. मासे सुटतील? काही सुटतात. दोरी सैल सोडली तर जास्त सुटतात. सुटू देत.

आता शिसं. या उद्यानाच्या आतल्या भागात डब्यातलं अन्न आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे आणि आम्ही सगळे ती निमूट पाळतो. लोणचंसुद्धा प्लॅस्टिकच्या डबीत भरून नेतो. पण त्याच पिशवीतून शिशाचे मणी मात्र मूठभर जातात, कारण ते कायद्यात बसतात. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिग जवळ बाळगायलाही मनाई आहे. ॲल्गॉनक्विन प्रांताचं उद्यान असल्यामुळे तो नियम तिथे लागत नाही. नियमाची हद्द लूनला कोण सांगणार?

लून म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा तो मोठा पाणपक्षी. रात्री तळ्यावर त्याची हाक ऐकली की पहिल्यांदा आलेला माणूस दचकून तंबूत उठून बसतो. 1987 सालापासून तो इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, नाण्याला लोक लूनीच म्हणतात. त्याला दात नाहीत. खाल्लेला मासा दळायला तो तळाचे बारीक खडे गिळतो आणि ते पोटातल्या स्नायूंच्या जात्यात फिरत राहतात. आपला तुटून पडलेला शिशाचा मणी त्याला खड्यासारखाच दिसतो, किंवा जिग तोंडात घेऊन सुटलेल्या माशाबरोबर तो पोटात जातो. जातं फिरतं, आम्ल असतंच, शिसं विरघळतं आणि दोन-चार आठवड्यांत एवढा ताकदीचा पक्षी मान धरता न येऊन मरतो. एक मणी पुरतो. ब्रिटनने हंस मरतात म्हणून लहान शिशांच्या विक्रीवर 1987 सालीच बंदी घातली. टंगस्टन शिशाहून जड असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा मणी उलट लहान येतो. महाग असतो हे खरं. पण चारशे डॉलरचा रॉड घेणाऱ्याने मण्याच्या किमतीवर माझ्याशी वाद घालू नये.

गांडुळांबद्दल बोललं की लोक मला वेडी समजतात. आपण शाळेत ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ असा निबंध लिहून पास झालेली माणसं. पण हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या उत्तरेच्या रानात मूळची गांडुळं नाहीतच. इथलं जंगल पानांच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर वाढलं आहे. आमिषाच्या डबीत उरलेली गांडुळं शेवटच्या दिवशी आपण दया येऊन जमिनीवर सोडतो, ती तो थर खाऊन टाकतात आणि त्यात उगवणारी रोपं जातात. जिवंत माशांचं आमिष न्यायला तर इथे बंदीच आहे, कारण डबीतून सुटलेले परके मासे ट्राउटच्या तळ्यात शिरले की त्याचं अन्न पळवतात. गांडुळांना बंदी नाही. मी नेणं बंद केलं. ज्यांना न्यायचीच आहेत त्यांनी उरलेली घरी परत आणावीत.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला माझ्या बाजूला नको आहेत. टूथब्रशचा दांडा कापणारे, चमच्याचं वजन ग्रॅममध्ये पाठ असणारे. त्यांच्याही बोलण्यात सामानच असतं, फक्त हलकं. माशाला हात न लावता सोडून देण्यातच खरं पावित्र्य मानणारेही नकोत. मी मासा खाते. हळद, तिखट, मीठ, थोडा रवा, आणि काठावरच्या विस्तवावर तवा. पण जेवणाचं नियोजन माशावर ठेवत नाही. मासा मिळाला तर सण, नाहीतर मुगाची खिचडी आहेच. ज्यांचं जेवण माशावर अवलंबून नसतं त्यांना साठ ल्यूर लागत नाहीत, ही साधी गोष्ट दादांना मी चार वर्षं समजावते आहे. ते हसतात आणि म्हणतात, हौसेला मोल नसतं. असतं. ते दुसऱ्याच्या हातात असतं, मूठ धरून.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. यंदाची तारीख ठरली, परवाने झाले, कोण कुठल्या नावेत बसणार ते त्यांनी वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, “पेटी तुझ्या नावेत टाकतो गं, तिथे मधे जागा आहे.” मी म्हटलं, “दादा, जागा आहे. पण पेटी घेणार नाही. तुमचे चार स्पून माझ्या डबीत द्या.” ते गप्प झाले. मग विचारलं, “कुठले चार?” मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. अजून ठरलेलं नाही.