नोंदवहीबाहेरची मराठी

‘हौशी’ हा शब्द आपण मराठीत जरा सैल हाताने वापरतो. हौशी नट, हौशी कवी असे म्हणताना त्यात कौतुकाइतकीच सवलतही असते. चुकले तर सांभाळून घ्यावे, अशी. हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचे, तसे नाही. त्यांना आधी सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. कवींसाठी अशी सोय नाही, याची आम्हांला अधूनमधून हळहळ वाटते. असो.

या मंडळींच्या क्लबांचा व्यवहार भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम ऐकावा असा आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर त्यांचे ‘नेट’ भरते. एक जण सूत्रे घेऊन हजेरी घेतो. एका वेळी एकानेच बोलायचे आणि ‘ओव्हर’ म्हणून दुसऱ्याला वाट द्यायची. बोलण्याआधी ऐकायचे, हा तिथला पहिला धडा. आमच्या चर्चासत्रांतून तो कधीच हद्दपार झाला आहे. धंद्याची बोलणी निषिद्ध, अर्थ लपवणारी गुप्त भाषा निषिद्ध, आणि राजकारण व धर्म टाळण्याचा जुना संकेत. मग उरते काय? अँटेना, हवामान, प्रकृती, आवाज किती स्पष्ट येतो आहे. वरवर निरर्थक वाटणाऱ्या या गप्पांत तारायंत्राच्या काळातली संक्षेपे मराठी व्याकरणात सहज मिसळून गेलेली असतात. ठिकाणाला ‘क्यूटीएच’, निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’. दिवंगत सदस्याला ‘सायलेंट की’ म्हणतात: ज्या कळीवर मोर्सचे ठोके पडत, ती आता मूक झाली.

या गप्पांचे मोल संकटात कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला तेव्हा, आणि 2001 मध्ये भूज हादरले तेव्हा, हॅम मंडळी आपली यंत्रे घेऊन मदतीला गेली होती. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानात हौशी प्रक्षेपणासाठी गेल्या होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली आणि छंदाचे ते केंद्र बेटांवरच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीला पोहोचवू लागले. मोबाइलच्या काळात हे कशाला, असे विचारणाऱ्यांनी वीज गेलेला मनोरा आठवावा. हॅमला एक बॅटरी आणि उंच ताणलेली तार पुरते.

अशा वेळी निरोप्याचे कर्तव्य कठोर असते. निरोप दुसऱ्याचा, त्यात आपला शब्द घालायचा नाही, गाळायचाही नाही. घेणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, देणाऱ्याने बरोबर म्हणायचे, मगच तो पुढे जायचा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती प्रक्षेप आणि अपपाठ साचून गेल्यानंतर. इथे पाठशुद्धी जागच्या जागी होते.

आणि तरीही यातले शब्द उरत नाहीत, ही आमची खरी तक्रार आहे. हॅमची नोंदवही शिस्तीची असते: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचे संकेतनाम, आवाजाची प्रत. काय बोलणे झाले, याला त्यात रकाना नसतो. किल्लारीनंतरच्या त्या दिवसांत कोण कोणत्या भाषेत बोलले, खेड्यातल्या माणसाने सांगितलेला निरोप यंत्रासमोर कसा आटोपशीर झाला, मृत्यूची बातमी कोणत्या शब्दांत पुढे सरकली, हे वहीत सापडणार नाही. ते त्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि 1993 मध्ये चाळिशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे.

आपल्या एम.ए.च्या वर्गांतून प्रकल्प म्हणून दरवर्षी त्याच चार कादंबऱ्यांचा ‘चिकित्सक अभ्यास’ सादर होतो. त्यातल्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांना जवळच्या हॅम क्लबात पाठवावे, असे आम्ही सुचवतो. ध्वनिमुद्रक न्यावा, बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, आणि त्याची जुनी नोंदवही समोर उघडून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारावे: या वेळी, या माणसाशी, तुम्ही काय बोललात? विद्यापीठाने श्रेयांक किती द्यायचे हे नंतर ठरवता येईल.