लायब्ररीशी नातं फक्त 'नो ड्यूज'पुरतंच?

कॉलेजच्या तीन वर्षांत तुम्ही लायब्ररीत किती वेळा गेलात? खरं सांगा. बऱ्याच जणांचं उत्तर 'दोनदा' असतं. एकदा एफ.वाय.ला कार्ड काढायला आणि एकदा टी.वाय.च्या शेवटी 'नो ड्यूज'ची सही घ्यायला. मधला सगळा काळ गाईड, झेरॉक्स आणि ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर निघून जातो. मीही त्यातलीच. सेकंड इयरला एका संदर्भपुस्तकासाठी चिठ्ठी दिली, "इश्यू झालंय" एवढंच उत्तर आलं आणि मी पुन्हा त्या काउंटरवर गेलेच नाही. पुस्तक परत कधी येणार, हेही विचारलं नाही. चूक माझीही होती.

पण सगळी चूक विद्यार्थ्यांची नाही. दोंडाईचात शिकणारे कितीतरी जण मालपूर, विखरण, निमगूळसारख्या गावांतून येतात. लेक्चर्स चालू असतात तेव्हा लायब्ररी उघडी असते आणि लेक्चर्स संपली की एसटी सुटायची वेळ झालेली असते. "लायब्ररी उघडी शे का?" असं विचारेपर्यंत मित्राने बसमध्ये जागा धरलेली असते. घरी गेल्यावर शेतीची कामं, लहान घर आणि चालू टीव्ही. ज्याला परवडतं तो महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिका लावतो. ज्याला परवडत नाही त्याने बसायचं कुठे? मुलींना तर रात्रीच्या अभ्यासिकेला घरून परवानगी मिळणंच अवघड. अशा मुलीसाठी कॉलेजची रीडिंग रूम म्हणजे शांतपणे वाचता येईल अशी दिवसभरातली एकमेव जागा असते. त्या जागेसाठी आपण वेगळे पैसेही देत नाही, कारण ग्रंथालय शुल्क फीच्या पावतीवर आधीच लावलेलं असतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. आपल्याकडे या नियमाचा अर्थ अगदी साधा आहे. लायब्ररीची वेळ एसटीच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवा.

म्हणून कॉलेजांकडे तीन मागण्या. पहिली, लेक्चर्सच्या आधी एक तास आणि नंतर एक तास रीडिंग रूम उघडी ठेवा. परीक्षेच्या महिन्यात रविवारीही. दुसरी, पुस्तकाच्या कपाटापर्यंत विद्यार्थ्याला जाऊ द्या. चिठ्ठीवर नाव लिहायला ते पुस्तक आधी माहीत असावं लागतं. कपाटासमोर उभं राहिलं की माहीत नसलेलंही हाताला लागतं. तिसरी, एफ.वाय.च्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला 'एन-लिस्ट'चा युजर आयडी द्या.

एन-लिस्ट म्हणजे काय? गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र कॉलेजांसाठी ही योजना चालवतं. आपलं कॉलेज सभासद असेल, तर हजारो ई-जर्नल्स आणि लाखाहून जास्त ई-बुक्स घरबसल्या मोबाईलवर वाचता येतात. कॉलेज वर्गणी भरतं, पण आयडी कुणी मागतच नाही, असंही होतं. उद्याच ग्रंथपालांना विचारा. कॉलेज सभासद नसेल, तर नॅशनल डिजिटल लायब्ररीवर स्वतः मोफत नोंदणी करा. मराठी माध्यमवाल्यांसाठी मराठी विश्वकोशही इंटरनेटवर मोफत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट्स आहेत. तिथे गाईड कामाला येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं नाव ऐकलं असेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यात असा ठेवा आहे, तर प्रोजेक्ट दुसऱ्याच्या फाईलवरून उतरवायचा कशाला?

आता आपल्या बाजूचं काम. नॅकच्या मूल्यांकनात लायब्ररीवर वर्षाला किती खर्च होतो आणि रोज किती जण ती वापरतात, हे विचारलं गेलं आहे. दारातल्या रजिस्टरवरची तुमची सही म्हणूनच महत्त्वाची. रजिस्टर रिकामं असेल तर "मुलं येतच नाहीत" म्हणायला कारण मिळतं, मग वेळही वाढत नाही आणि पुस्तकंही येत नाहीत. हवं असलेलं पुस्तक नसेल तर त्याची मागणी लेखी द्या. वेळ वाढवून हवी असेल तर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या. सोबत आपल्या बसच्या वेळाही लिहा.

आणि उद्या एक बस सोडून पुढच्या बसने जा. मधला तासभर लायब्ररीत बसून बघा.